मूर्ती एक, सल्ले अनेक

अकोटात माणसाला एकट्यानं करता येण्यासारख्या गोष्टी फार थोड्या आहेत. न्हाव्याकडे दाढीला बसलं तर बाकावरची चार माणसं आपल्या गालाकडे टक लावून बसलेली असतात. डॉक्टरकडे गेलं तर तपासायच्या खोलीत आपल्यामागून आणखी तिघं शिरतात आणि आपलं बीपी किती निघालं ते आपल्याआधी ऐकतात. पानठेल्यावर एकटं गेलं तर पानवाला चुना लावता लावता थांबतो आणि विचारतो, "काहून बावा, आज एकटेच? घरी काही झालं का?" अशा गावात राहून, नोकरीतून मोकळा होताच मी जाहीर केलं की मी नर्मदा परिक्रमा करणार. पायी. आणि एकटा.

पायी जाण्याला कुणाचीच हरकत नव्हती. आमच्या भागात चालण्याचं कौतुक नाही. अकोटहून शेगावला पायी जाऊन आलेला माणूस प्रत्येक गल्लीत सापडेल. शेगावची पालखी दर वर्षी महिनाभर चालून पंढरपूर गाठते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अख्खं अकोला गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं आणतं आणि राजराजेश्वराला घालतं, तेही अनवाणी. तेव्हा चालणं मंजूर. खटकला तो 'एकटा'.

"संगं कोण हाय?" शेजारच्या भाऊंचा पहिला प्रश्न.

"कोणी नाही."

"म्हणजे वैनी हायेत संगं."

"नाही हो. मी एकटाच."

"मंग बोलसान कोणासंग?"

याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. "स्वतःशी," मी जरा वरच्या पट्टीत म्हणालो. भाऊंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि काही न बोलता घरात गेले. दिवेलागणीपर्यंत गावात बातमी पोचली होती की रिटायर झाल्यापासून यांचं काही खरं नाही, स्वतःशीच बोलत असतात.

परिक्रमेचा हिशेब तसा सोपा आहे. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहत जाऊन भडोचपुढे समुद्राला मिळते. तिला कायम उजव्या हाताला ठेवायचं, एका काठानं जायचं, दुसऱ्या काठानं यायचं. कागदावर हे अंतर २६०० किलोमीटरच्या आसपास भरतं. पायाखाली जास्त भरतं, कारण बर्गी, इंदिरा सागर, सरदार सरोवर अशा धरणांनी नदी इतकी पसरली आहे की काठ शोधता शोधता माणूस तालुके बदलतो. शास्त्राप्रमाणे परिक्रमेला ३ वर्षं, ३ महिने आणि १३ दिवस लागतात. हल्ली पायी चालणारे पाच-सहा महिन्यांतही उरकतात. नदी मध्येच ओलांडायची नाही. जवळ लागेल तेवढंच ठेवायचं. मिळेल ते खायचं. न मिळालं तर घरोघरी मागायचं.

बायकोनं हे सगळं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाण्याचा गिलास हातात द्यावा लागते तुमाले. अन् तुमी दारोदार मागसान?"

यावर उत्तर नसल्यामुळे मी तयारीला लागलो.

तयारी म्हणजे सल्ले घेणं. ते घ्यावे लागत नाहीत, येतात. गावात ज्यांनी ज्यांनी जगन्नाथ कुंटे यांचं 'नर्मदे हर हर' वाचलं होतं, ते सगळे आपण परिक्रमा करूनच बसलो आहोत अशा थाटात बोलायचे. ज्यांनी भारती ठाकूर यांचंही पुस्तक वाचलं होतं, त्यांची बोलण्याची पट्टी दोन परिक्रमा झाल्याची असायची. एका निवृत्त मास्तरांनी तर वाटेतल्या शूलपाणीच्या झाडीत अश्वत्थामा नेमका कुठं भेटेल ते कागदावर नकाशा काढून दाखवलं. "अन् थो जखमेले तेल मागते," मास्तर म्हणाले, "तवा बाटली जवळ असू द्या. नाई म्हनू नका त्याले, चिरंजीव हाये." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तेलाची बाटली आणून दिली. शेंगदाण्याचं होतं. पुराणात तेलाचा प्रकार दिलेला नाही.

सामानाबाबत परिक्रमेचा नियम आहे, 'लागेल तेवढंच'. अकोटचा नियम आहे, 'असू द्या, लागलं तर'. या दोन नियमांच्या लढाईत माझी पाठ होती. मेहुण्यानं बॅटरी दिली, आणि ती बंद पडली तर म्हणून दुसरी बॅटरी दिली. काकूंनी ठेच्याची बरणी दिली, साडूनं मच्छरदाणी दिली, आणि एका जिवलग मित्रानं सतरंजी दिली. अकोटच्या सतरंज्या जुन्या काळापासून नावाजलेल्या. "त्या रबराच्या चटईवर झोप येते का माणसाले?" मित्र म्हणाला. मुद्दा बरोबर होता. फक्त ती सतरंजी लग्नाच्या पंगतीसाठी विणलेली होती. तिच्या मधोमध मी झोपून बघितलं, तर दोन्ही अंगांना वऱ्हाड बसायला जागा उरली.

पुण्यात असलेल्या मुलीनं इंटरनेटवरून माहिती काढून पाठवली, की परदेशात लांब चालणारे लोक वजन वाचवण्यासाठी दात घासायच्या ब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापतात. मला हसू आलं. हे शिकायला परदेशाकडे बघायची काय गरज? आमच्या शेजारी, अंजनगाव सुर्जीकडे, शेंडगाव आहे. तिथले डेबूजी जानोरकर १९०५ साली घर सोडून निघाले आणि पुढं गाडगे महाराज झाले. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात काठी नाही तर खराटा, आणि एक मातीचं गाडगं. जेवायला ताट तेच, पाण्याला भांडं तेच, डोक्यावर पालथं घातलं की टोपीही तीच. आज असं तीन कामांचं एक भांडं दुकानात मागा. टायटॅनियमचं दाखवतील आणि किंमत ऐकून आपणच गाडगं पालथं घालू.

हे सगळं मला पटलेलं होतं. तरी पण भरलेली पिशवी जेव्हा ओळखीच्या अडत्याकडे नेऊन कापसाच्या काट्यावर ठेवली, तेव्हा काटा वीस किलोवर गेला. अडत्यानं सवयीनं ओलाव्याचे दोन किलो कापले आणि म्हणाला, "अठरा धरा." त्या दोन किलोंचा मला रस्ताभर आधार वाटला.

मुलीनं आणखी एक गोष्ट पाठवली होती. अमेरिकेत ॲपलेशियन ट्रेल नावाची सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. अर्ल शेफर नावाचा गृहस्थ १९४८ साली ती एका दमात एकटा चालून गेला. पण मला भावली ती एमा गेटवुड. वय ६७. अकरा मुलांची आई, तेवीस नातवंडांची आजी. १९५५ साली पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा एवढ्यावर निघाली. घरी सांगितलं, "जरा फिरून येते." आणि आजीबाई पायवाट संपवूनच थांबल्या. पुढं १९५७ साली पुन्हा तीच वाट चालून आल्या, आधीची पटली नसावी.

हे अकोटात घडणं अशक्य आहे. इथं एमाकाकू फिरायला निघाल्या असत्या, तर पहिल्याच चौकात कुणीतरी मोटारसायकल थांबवली असती. "बसा काकू, कुठी सोडू?" आणि दहा मिनिटांत काकू आपल्या ओट्यावर, हातात चहा.

हे मी अनुभवावरून सांगतो. सरावासाठी मी पाठीवर ओझं घेऊन अकोल्याच्या रस्त्यानं निघालो. गावाची हद्द संपायच्या आत पहिली गाडी थांबली.

"काका, कुठी चाल्ले?"

"कुठंच नाही. चालतोय."

"कुठंच नाई तं मंग बसा ना. सोडून देतो."

'कुठंच नाही'पर्यंत सोडून देण्याची तयारी फक्त वऱ्हाडातला माणूस दाखवू शकतो. नको म्हटलं तर तो दुखावतो. त्याच्यामागून ट्रॅक्टर थांबला, मग कापसाची गाडी थांबली, मग मी हात न दाखवताच एसटीच्या ड्रायव्हरनं बस थांबवली आणि आतल्या प्रवाशांनी खिडकीतून एकसुरात सांगितलं, "जागा हाये, या!" एरवी हात दाखवून दाखवून खांदा निखळला तरी बस थांबत नाही. मी सगळ्यांना नको म्हणत गेलो. घरी परतलो तेव्हा बायकोचा भाऊ पातूरहून येऊन बसला होता. त्याला कुणीतरी फोन केला होता की दाजी भांडून, सामान घेऊन घरातून निघून गेले.

म्हणून मग रस्ता सोडला आणि शेतातून चालायचं ठरवलं. नुकताच पाऊस होऊन गेला होता. गरीब माणूस घरी आलेल्या पाहुण्याला सोडत नाही, तशी आमची काळी माती बुटाला सोडत नाही. शंभर पावलांत माझी उंची चार बोटं वाढली. धुऱ्यावरच्या शेतकऱ्यानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मोजनी आली काय साहेब?" मी नाही म्हणालो. "मंग सर्वे असंल इम्याचा." तोही नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यावरचा विश्वास उडाला. काही कामासाठी नव्हे, नुसतं चालायला कुणी शेतात येतो, हे त्याच्या दृष्टीनं सर्वांत संशयास्पद होतं.

उरला नरनाळा. अकोटच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, सातपुड्याच्या पहिल्याच घडीवर बसलेला किल्ला. तिथं तरी एकांत मिळेल म्हणून शहानूरपर्यंत गेलो. पण नरनाळा मेळघाटच्या जंगलात येतो, आणि मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. नाक्यावरच्या वनरक्षकानं माझी पिशवी बघितली, वय बघितलं.

"एकटे? पायी? आत वाघ हाये साहेब."

"वाघसुद्धा एकटाच फिरतो की."

"त्याच्या घरचे आमाले फोन नाई करत."

यापुढं बोलण्यासारखं काही राहिलं नाही. सराव संपला.

जायच्या आदल्या दिवशी कॉलनीनं निरोपाचा कार्यक्रम ठेवला. वक्त्यांना अशा प्रसंगांपैकी एकाच प्रसंगाचा सराव असल्यामुळे भाषणं त्याच वळणावर गेली. "त्यांच्या जाण्यानं कॉलनीत पोकळी निर्माण होईल," एक म्हणाले. "मनमिळाऊ होते," दुसरे म्हणाले. तिसरे दोन मिनिटं उभं राहायला सांगणार होते, त्यांना कुणीतरी खाली बसवलं. शाल आणि नारळ मिळाले. दोन्ही पिशवीत गेले.

अकोटहून ओंकारेश्वरला जाणं एके काळी फार सोपं होतं. मीटरगेजची छोटी गाडी अकोटहून निघायची, मेळघाटातून धूळघाटाचा वेढा घालत खंडव्याला जायची आणि पुढं थेट ओंकारेश्वर रोड. ती २०१७ सालापासून बंद. रूळ रुंद करायचं काम निघालं. २०२२ साली अकोला ते अकोट मोठी गाडी आली, तिथं थांबली. त्यामुळे हल्ली परिक्रमेचा अवघड टप्पा म्हणजे परिक्रमा सुरू होते तिथपर्यंत पोचणं. गाड्या बदलत एकटा जाईन म्हटलं, तर मला सोडायला एक जीप भरून माणसं निघाली. ओंकारेश्वरच्या घाटावर आमच्या लोकांची गर्दी बघून तिथल्या पंड्यानं विचारलं, "कितनी मूर्ति?"

परिक्रमेत माणसं मोजतात ती मूर्तींत. "एक," मी म्हणालो.

पंड्यानं जीपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "और ये बाकी सब?"

"हे फक्त सांगायला आलेत," मी म्हणालो.

मुंडण झालं, संकल्प झाला, मैयाला कढईचा शिरा झाला, कन्यापूजन झालं. बाटलीत नर्मदेचं पाणी घेतलं आणि दक्षिण काठानं पश्चिमेकडे, एकटा, निघालो. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण मागून मेहुण्याचा आवाज आला, "दाजी, डावीकडून नाही, नदी उजवीकडं पाह्यजे!" मी फक्त बुटाची नाडी बांधायला वळलो होतो.

एकांत. शेवटी एकदाचा एकांत. तो पहिल्या गावाच्या पाटीपर्यंत टिकला.

"नर्मदे हर! बाबाजी, चाय पाओ."

परिक्रमावासीला चहाला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तरी ऐकत नाहीत. त्या घरचा झाला की शेजारचा म्हणतो, त्यांचा घेतला, आमचा का नाही? मी मनात धरलेला रोजचा पल्ला पंचवीस किलोमीटरचा होता. पण तो किलोमीटरांत न मोजता कपांत मोजावा लागेल हे कुठल्याच पुस्तकानं बजावलं नव्हतं. शुगर बघायला बरोबर कुणी नाही याचंच मला समाधान होतं, तर दुपारी फोन आला. लाइव्ह लोकेशन! मुलीनं माझ्या फोनमध्ये ते सुरू करून ठेवलं होतं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. ग्रुपवरून ते कॉलनीच्या ग्रुपवर गेलं. संध्याकाळी पानठेल्यावर निम्मं गाव मोबाइलवर माझा निळा ठिपका बघत उभं राहायचं, हे मला नंतर कळलं. मी एका वडाखाली तासभर आडवा झालो, तर फोनांची रांग लागली. "ठिपका हालून नाई राह्यला. जित्ते हा ना?" दुसऱ्यानं सांगितलं, "तुमी नदीत दिसून राह्यले." मी म्हणालो, काठावर आहे, फोन थोडा पुढं-मागं दाखवतो. "नाई, नदीतच हा. बाहेर निंघा."

दुसरा ताप गावाच्या नावाचा. प्रत्येक आश्रमात वहीत नाव-गाव लिहायचं, आणि प्रत्येक ठिकाणी एकच संवाद.

"कहाँ से, बाबाजी?"

"अकोट."

"अच्छा! स्वामी समर्थवाले!"

"ते अक्कलकोट. हे अकोट. अकोला जिल्हा."

"वही, वही. बड़ा पवित्र स्थान है." आणि माझ्या पाया पडायचे. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. अकोटात नरसिंग महाराज होऊन गेले, त्यांना भेटायला शेगावचे गजानन महाराज येत, आमचंही गाव काही कमी पवित्र नाही, असं सांगायचो. नंतर लक्षात आलं की अक्कलकोटच्या माणसाला पोळीवर तूप जास्त पडतं. मग मी आवाज थोडा पुसट काढायला लागलो.

तिसरा ताप अंतराचा. पुढचं गाव किती लांब, हे काठावरच्या कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं, "बस, दो किलोमीटर." दोन किलोमीटर चाललं की दुसरा भेटतो. "बस, दो किलोमीटर." दिवसभर गाव माझ्यापुढं दोन किलोमीटर अंतर राखून चालत असायचं. खोटं बोलण्याचा हेतू नसतो. थकलेल्या माणसाला नऊ कसं सांगायचं, ही त्यांची अडचण. पायाला फोड आले, ते फुटले, त्याच जागी नवे आले. एका आजीनं तळपायाला एरंडेल चोळून दिलं आणि विचारलं, "घर में कोई बोलनेवाला नहीं था, ऐसे निकलने दिया?" मी म्हणालो, आजी, बोलणारे होते म्हणूनच निघालो.

आणि सोबत. परिक्रमेत निम्मी माणसं मराठी. एकट्यानं चालायला निघालेले इतके मराठी लोक त्या वाटेवर आहेत की त्यांची एक सोसायटी नोंदवता येईल. बुलढाण्याकडचे एक बाबाजी मला चिकटले. तेही एकांतासाठी आले होते. मौनाचे फायदे त्यांनी मला रोज पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत समजावून सांगितले. रात्री धर्मशाळेत आसन लावलं की मौन सुटायचं आणि घोरणं सुरू व्हायचं. एकदा मी मुद्दाम त्यांना पुढं जाऊ दिलं, वाट बदलली, एका लांबच्या आश्रमात मुक्काम केला. पहाटे शेजारच्या आसनावरून आवाज आला, "नर्मदे हर! म्हटलं, तुमी एकटे पडसान म्हणून थांबलो."

शूलपाणीच्या झाडीची मी मनापासून वाट बघत होतो. पूर्वी तिथं परिक्रमावासींना लुटून घेत. लंगोटीशिवाय काही ठेवत नसत. मैयाच माणसाचा मोह सोडवते, अशी त्यामागची श्रद्धा. मला मोह असा राहिलाच नव्हता, होतं ते ओझं. दोन बॅटऱ्या, मच्छरदाणी, अश्वत्थाम्याचं तेल, नारळ आणि ती सतरंजी. घाटाच्या पायथ्याशी मी पिशवी एका खडकावर ठेवली आणि जरा लांब, पाठ करून बसलो. म्हटलं, कुणाला संकोच नको. बऱ्याच वेळानं एक भिल्ल मामा आले. त्यांनी पिशवी उचलली, खांद्यावर टाकली आणि चालायला लागले. मला भरून आलं. तर ते थांबले, मागे वळले आणि म्हणाले, "चलो बाबाजी, चढ़ाई बहुत है. ऊपर तक मैं ले चलता हूँ." वर त्यांचं घर होतं. मक्याची भाकर झाली, डाळ झाली. निघताना त्यांनी पिशवीत शेंगा भरल्या. वजन दीड किलोनं वाढलं. अश्वत्थामा मात्र भेटला नाही. शेवटी ते तेल आम्ही मामांच्या डाळीला फोडणीत वापरलं.

समुद्राशी आणखी एक गंमत असते. नर्मदा ओलांडायची नाही, म्हणून कठपोरहून होडीत बसून समुद्रातून पलीकडं मिठी तलाईला जायचं. होडी भरतीच्या वेळेवर सुटते, माणसाच्या नाही. होडीत पाय ठेवायला जागा नव्हती. "कितनी मूर्ति?" नावाड्यानं विचारलं. "एक." "एक है तो बीच में घुस जाओ." एकट्या माणसाचा हा फायदा मला तिथं कळला, तो कुठल्याही गर्दीत मावतो.

हळूहळू माझ्यात फरक पडत गेला. पँट दोरीनं बांधावी लागली. मागायची लाज गेली. पहिल्या दारासमोर मी इतका वेळ अवघडून उभा होतो की घरातल्या पोरानं आत जाऊन सांगितलं, लाइट बिलवाले आलेत. पुढंपुढं मी 'नर्मदे हर' अशी खणखणीत हाक द्यायला लागलो की भाकरीबरोबर लोणचंही यायचं. सदाव्रत म्हणून कच्चा शिधा मिळाला की तीन दगडांवर खिचडी शिजवायला शिकलो. घरी फोन करून सांगितलं तर बायकोला फार आनंद झाला. इतका, की परत आल्यावरचं वेळापत्रक तिनं तेव्हाच आखून टाकलं.

अमरकंटकला पोचलो तेव्हा कडाक्याची थंडी होती. धर्मशाळेची फरशी बर्फाची. परदेशी चटया, हलके बिछाने घेऊन आलेली पोरं कुडकुडत बसली होती. मी पिशवी उघडली आणि अकोटची सतरंजी अंथरली. त्या रात्री तिच्यावर ओळीनं नाशिकचे दोघं, एक गुजराती शिक्षक, एक उत्तरेकडचे साधू, बुलढाण्याचे बाबाजी आणि मधोमध मी, असे सगळे झोपलो. एकट्यानं चालायला निघालेली सहा माणसं एका सतरंजीवर. सकाळी सगळ्यांनी मिळून तिला नमस्कार केला आणि ती धर्मशाळेलाच देऊन टाकायची असं ठरलं. माझं मत कुणी विचारलं नाही. मी हरकत घेण्याच्या स्थितीत नव्हतो, माझी पाठ आनंदानं नाचत होती.

ओंकारेश्वरला परत येऊन बाटलीतलं पाणी वाहिलं तेव्हा घाटावर तीच जीप उभी होती. आता सांगायची पाळी माझी, असं मला वाटलं. पण पानठेल्यावर ठिपका बघून बघून सगळ्यांना सगळं माहीत झालं होतं. मंडल्याला मी दोन दिवस का थांबलो, होशंगाबादला वाट का चुकलो, हे तेच मला समजावून सांगत होते. आता गावात कुणी परिक्रमेला जायचं म्हटलं की लोक त्याला माझ्याकडे पाठवत नाहीत, पानठेल्यावर पाठवतात.

तेव्हा तुमच्या मनात असेल तर जरूर जा. चातुर्मास संपला की कार्तिकात निघा. पिशवी भरून झाली की तिच्यातलं अर्धं काढा, आणि उरलेलं अर्धं बायकोला दाखवू नका, ती परत भरेल. फोन जमल्यास विसरा. आणि एकटेच जा. दोघं गेलात तर तुम्ही एकमेकांशी बोलाल. एकटे गेलात तर जग तुमच्याशी बोलेल, चहा देईल, पाय चोळेल, ओझंही उचलेल. अडीच हजार किलोमीटर कुणीही स्वतःच्या पायावर चालत नाही, दुसऱ्याच्या डाळ-भाकरीवर चालतो.

आणि जाणं जमणार नसेल तरी हरकत नाही. दारावरून कुणी पाठीवर ओझं घेऊन पायी जाताना दिसला, तर त्याला हाक मारा, बसवा, पाणी द्या, चहा पाजा. फक्त पुढचं गाव किती लांब आहे, ते तेवढं खरं सांगा.